चार चिपांची एक साखळी, आणि पाऊस लागल्यापासून सकाळी दोनच चिपा हजर

झावळी (कुडाळ) | 14 जून, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता डोकं चालेनासं झालंय.

एका ओळखीच्या काजू कारखान्यासाठी घरीच जुळवलेला कलर सॉर्टर गेली दोन वर्षं चालवतोय. गर घसरगुंडीवरून पडतात, पडता पडता कॅमेरा बघतो, आणि डागी किंवा करपलेला गर दिसला की काही मिलिसेकंदांनी हवेची नळी फट् करून त्याला बाजूला उडवते. घसरगुंड्या तीन, म्हणून कॅमेरा बोर्डही तीन. प्रत्येकावर स्पार्टन-6 एलएक्स9 (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट फाइल भरून ठरवता येतं अशी चिप) आणि ती फाइल साठवणारा त्याचा स्वतःचा एसपीआय फ्लॅश. मुख्य बोर्डावर एक जुना एक्ससी9572एक्सएल सीपीएलडी (तसलीच, पण छोटी चिप) आहे, तो हवेचे व्हॉल्व्ह सांभाळतो. चौघांचं जेटॅग (चिपा तपासायची आणि भरायची चार वायरींची जोडणी) एकाच साखळीत घेतलंय, म्हणजे मशीनचे पत्रे न काढता एका कनेक्टरवरून चारही चिपा भरता येतात. बोर्डांची बिटफाइल (एफपीजीएत भरायची ती फाइल) तर रोज सकाळी बदलावी लागते.

वायरिंग असं (टीडीआय म्हणजे चिपमध्ये बिट आत जायची वायर, टीडीओ बाहेर यायची, टीसीके ठोक्यांची, टीएमएस चिपची पुढची अवस्था ठरवणारी). कनेक्टरचा टीडीआय बोर्ड 1 ला, 1 चा टीडीओ 2 ला, 2 चा 3 ला, 3 चा परत मुख्य बोर्डावर सीपीएलडीला, आणि सीपीएलडीचा टीडीओ कनेक्टरला. टीसीके आणि टीएमएस चौघांना समांतर. मध्ये सगळी एफआरसी (चपट्या पट्टीची) केबल, एकूण दीडेक मीटर. प्रोग्रॅमर मायक्रोकंट्रोलरवर स्वतःच लिहिलाय, कारण लॅपटॉप कारखान्यात नेला की टरफलाच्या तेलाने चार दिवसांत कळकट होतो.

मृग लागल्यापासून सकाळी साखळी वाचली (म्हणजे प्रत्येक चिपकडून तिचा ओळखीचा आकडा, आयडी, मागवला) की असं येतं: 59604093, मग 24001093, आणि पुढे सगळे एफ. दुपारी मशीन तापलं की चारही चिपा दिसतात. पहिला आकडा सीपीएलडीचा, दुसरा एलएक्स9 चा, म्हणजे बोर्ड 1 जिवंत, 2 आणि 3 गेलेले. घरात एक सुटा बोर्ड होता तो 2 च्या जागी बसवला. फरक शून्य. आता 3 साठी नवीन मागवू का? आंब्याच्या पेटीच्या भावात येत नाही हो तो.

ओहोटी (मालवण) | 14 जून, रात्री 11:20

झावळ्या, बोर्ड रवांदे, आधी केबल बघ. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर काढलेल्या आसत, मी रोज फिशफाइंडरचे नि वायरलेसचे कनेक्टर उघडतंय. निम्मे हिरवे. खारो वारो वरच्या मुलाम्याखालून तांब्याक खाता. भायरसून चकचकीत, आत काय नाय.

घाटावरचा (कोल्हापूर) | 15 जून, सकाळी 7:05

स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमर हेच मूळ दुखणं असणार. एखादी तयार केबल घ्या, आयएसई 14.7 (या चिपांचं जुनं सॉफ्टवेअर) टाका आणि मोकळे व्हा. (त्याच्या नंतरचं व्हिवाडो टाकू नका, त्यात स्पार्टन-6 येतच नाही.)

झावळी | 15 जून, सकाळी 8:10

प्रोग्रॅमरच वाईट असता तर दुपारी चौघं कसे दिसले असते? आज सकाळीही तेच. दोन आकडे आणि एफची रांग.

सुरंगी (रत्नागिरी) | 15 जून, सकाळी 9:34

झावळी, काही मागवू नका. तुम्ही यादी उलटी वाचताय.

साखळी म्हणजे एक लांबलचक शिफ्ट रजिस्टर, दर ठोक्याला एकेक बिट पुढे सरकवणारी रांग. टीडीओवर आधी बाहेर पडतो तो टीडीओच्या सगळ्यांत जवळच्या चिपचा आयडी. करबुड्याच्या बोगद्यातून गाडी निघताना तोंडाजवळचा डबा आधी दिसतो, तसंच. तुमच्याकडे टीडीओजवळ सीपीएलडी, त्यामागे बोर्ड 3, मग 2, मग 1. म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर आलेला 24001093 हा बोर्ड 3 चा आहे. ज्याला तुम्ही मेलेला म्हणताय तोच बोलतोय. तिन्ही बोर्डांचा आयडी एकच असल्यामुळे तुम्हाला ते कळलं नाही.

आता पुढचे एफ. साखळी मध्येच तुटली की तुटलेल्या जागेपासून टीडीओकडचे सगळे नीट उत्तर देतात. टीडीआयकडचे गप्प होतात, ते धडधाकट असले तरी. स्पार्टन-6 मध्ये टीडीआयला आतून पुल-अप (वायर 1 कडे ओढून धरणारा रेझिस्टर) असतो, म्हणून लोंबकळणारा टीडीआय 1 वाचला जातो. बोर्ड 3 आपले 32 बिट ओतून मोकळा झाला की मागून हे 1 यायला लागतात. तुमचे एफ म्हणजे तेच.

थोडक्यात, तूट 2 च्या टीडीओपासून 3 च्या टीडीआयपर्यंत कुठेतरी आहे. 2 तुम्ही बदलून पाहिलाच. उरली केबल आणि 3 चा कनेक्टर.

खात्री करायची तर बोर्ड 3 च्या टीडीआय पिनेवर 470 ओहमचा रेझिस्टर धरून दुसरं टोक ग्राउंडला लावा आणि परत वाचा. एफच्या जागी शून्यं आली तर मी म्हणते ते बरोबर.

कातळसडा (राजापूर) | 15 जून, सकाळी 10:15

सुरंगीताईंच्या पोस्टला पुरवणी. आयडीकोड 32 बिटांचा आणि त्याचा सगळ्यांत खालचा बिट कायम 1. बायपास रजिस्टर (चिपला वळसा घालून पुढे जायची वाट) एकाच बिटाचं आणि ते सुरुवातीला 0 देतं. टीएमएस 1 ठेवून टीसीकेचे पाच ठोके दिले की 16 अवस्थांपैकी कुठेही अडकलेली चिप रीसेटला येते, आणि ज्यांना आयडी आहे ते आयडी पुढे करून उभे राहतात. म्हणून कुठलीही फाइल नसताना, समोर कोणत्या चिपा आहेत हे माहीत नसतानाही साखळी मोजता येते.

मी डिप्लोमाच्या पोरांना शिकवतो. पोरं थेट बिटफाइल टाकायला धावतात, नाही गेली की परत टाकतात, परत नाही गेली की चिप जळाली म्हणतात. साखळी वाचायला एक सेकंद लागत नाही, पण तो कोणी देत नाही. बाय द वे, हे सगळं मुळात प्रोग्रॅमिंगसाठी नव्हतंच. 1985 मध्ये गट जमला तो बोर्डावरचे सोल्डरचे सांधे तपासायला. 1990 ला आयईईई 1149.1 झालं, आणि चिपा भरायला त्याचा वापर मागाहून बोकाळला.

झावळी | 15 जून, रात्री 9:48

शून्यं आली! 59604093, 24001093, आणि पुढे सगळं सपाट शून्य.

2 ते 3 ची केबल काढली. बाहेरून काही नाही. कनेक्टरची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर ज्या दोन दातांत वायर रुतते त्या खाचेत हिरवी पूड. भिंग लावून बघितलं, टीडीओच्या वायरचे सात धागे असतील तर पाच कुजलेले. सकाळच्या दमटात ते उरलेले दोन काय ते करत असणार. ओहोटी, तुला एक किलो पाकळी लागू.

ओहोटी | 15 जून, रात्री 10:02

पाकळी? अख्खो मोठो गर, डब्ल्यू 240 दी रे मेल्या.

झावळी | 17 जून, रात्री 10:30

नवी केबल केली. सकाळी सातला चौघंही हजर, दोन दिवस झाले. पण आता नवीनच भुताटकी. आधीची केबल कॉम्प्रेसरला घासत होती म्हणून नवी जरा लांबून, मागच्या बाजूने फिरवली. पन्नास वेळा वाचलं तर चार-पाच वेळा असं येतं:

59604093
92000849
24001093
24001093

तिसरा, चौथा नीट. दुसराच बिघडतो, आणि दर वेळी तोच आकडा, 92000849.

घाटावरचा | 17 जून, रात्री 10:41

टीसीके कमी करा. लांब केबलवर 6 मेगाहर्ट्झ पळवायचे नसतात. 100 किलोहर्ट्झला आणा, विषय संपला.

झावळी | 18 जून, सकाळी 7:55

आणला. 100 किलोहर्ट्झलाही येतोय, तितक्याच वेळा. वर एकेका बोर्डाला 27 सेकंद लागायला लागले ते वेगळंच.

सुरंगी | 18 जून, दुपारी 1:20

हा आकडा बघून मला जेवण सोडून कागद घ्यावा लागला. 24001093 हा एक घर उजवीकडे सरकवा, येतो 12000849. त्याच्या डोक्यावर 1 ठेवा, झाला 92000849. म्हणजे बोर्ड 3 चा एक बिट गळालाय, बाकी काही नाही.

कसा गळाला? तुमच्या प्रोग्रॅमरने टीसीकेचा एक ठोका दिला आणि बोर्ड 3 ने तो दोन मोजले. लांब तारेवर टीसीकेची कडा चढताना टोकाकडून आपटून परत येते, मधल्या पातळीवर एकदा खाली-वर होते, आणि चिपला वाटतं दुसरी कडा आली. जादा ठोक्यात त्याचा एक बिट पुढे निघून गेला, आणि वरच्या टोकाला एक 1 जादा आत आला. एक गेला, एक आला, हिशोब जुळला, म्हणून मागचे दोन आकडे आपापल्या जागी राहिले. हाच जादा ठोका टीएमएस हलत असताना पडला असता तर बोर्ड 3 भलत्याच अवस्थेत गेला असता आणि तुम्हाला निव्वळ कचरा दिसला असता.

आणि म्हणूनच वेग कमी करून काही झालं नाही. घाटावरचा, तुमचा सल्ला टीडीओचा उशीर होत असेल तेव्हा लागू पडतो. इथे दुखणं सेकंदाला किती ठोके यात नसून एकेका ठोक्याची कडा किती तिखट आहे यात आहे. तासाला एक ठोका दिलात तरी ती कडा तितकीच तिखट.

उपाय स्वस्त आहे. प्रोग्रॅमरच्या टीसीके पिनेला अगदी चिकटून 33 ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाका, केबलच्या दुसऱ्या टोकाला नको. एफआरसीत टीसीकेच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडची वायर घ्या. पुढचा बोर्ड कराल तेव्हा टीसीके आणि टीएमएसला श्मिट ट्रिगर बफर (मधल्या पातळीवरची खाली-वर न मोजणारा) ठेवा.

घाटावरचा | 18 जून, दुपारी 2:05

मान्य. इतकी वर्षं वेग कमी करून सुटलेल्या केसेस आठवतायत, न सुटलेल्या विसरलो असणार.

झावळी | 19 जून, रात्री 9:15

33 ओहम टाकला. रेझिस्टर जुन्या टीव्हीच्या किटमधून काढला, तेवढ्यासाठी सावंतवाडीला कोण जातो. केबलमध्ये ग्राउंडही वाढवली. पाचशे वेळा वाचलं, एकदाही 92000849 नाही. वेग परत 1 मेगाहर्ट्झवर आणला, बोर्डाला पावणेतीन सेकंद.

पण बोर्ड 2 मध्ये नवी बिटफाइल जात नाही. वाचताना सगळे हजर, लिहिताना मख्ख.

कातळसडा | 19 जून, रात्री 9:50

इन्स्ट्रक्शन रजिस्टर, म्हणजे चिपला आज्ञा ज्यात जाते ते, एकूण किती बिटांचं धरलंत?

झावळी | 19 जून, रात्री 9:58

सहा चोक चोवीस.

कातळसडा | 19 जून, रात्री 10:12

तिथेच चुकलं. एलएक्स9 चं 6, पण एक्ससी9572एक्सएलचं 8. एकूण 26. प्रत्येक चिपच्या बीएसडीएल फाइलमध्ये ही लांबी लिहिलेली असते. एकाची चुकली किंवा त्याचे बिट भलत्या टोकाला ओतले की आज्ञा सरकून भलत्याच चिपला जातात.

बोर्ड 2 ला लिहायचं तर आधी 14 वेळा 1 ओता (सीपीएलडीचे 8, बोर्ड 3 चे 6, हे सगळ्यांत लांब जातात), मग बोर्ड 2 ची 6 बिटांची आज्ञा, मग बोर्ड 1 साठी सहा 1. सगळे 1 म्हणजे बायपास, हे सगळीकडे सारखं. आता डेटाच्या वेळी बोर्ड 1 एका बिटाचा झालेला असतो, म्हणून शेवटी एक जादा ठोका द्या. नाही दिलात तर तुमचा शेवटचा बिट बोर्ड 1 च्या ओटीवर बसून राहील, घरात येणार नाही.

झावळी | 20 जून, सकाळी 8:20

गेली! 14, 6, 6. हे दोन वर्षं चाललं कसं होतं म्हणून जुना कोड उघडला, तर आधी सीपीएलडी साखळीत नव्हताच. मे महिन्यात मीच जोडला आणि विसरलो.

सुरंगी | 20 जून, सकाळी 11:02

एक विचारू? रोज सकाळी बिटफाइल का बदलावी लागते?

झावळी | 20 जून, दुपारी 12:40

वेंगुर्ला-4 चा लॉट असला की रंगाची सीमा एक, वेंगुर्ला-7 ला गर मोठा, तिथे वेगळी. दोघांच्या दोन फाइली केल्यात.

सुरंगी | 20 जून, दुपारी 12:55

दोन आकडे बदलायला 27 लाख बिट. अहो, त्या सीमा रजिस्टरमध्ये ठेवा आणि सिरियल पोर्टवरून पाठवा. घरातला बल्ब बदलायचा म्हणून दर वेळी कौलं उतरवता का?

झावळी | 20 जून, दुपारी 1:10

सुचलं नव्हतं. म्हणजे सुचलं होतं, पण कंटाळा केला होता.

घाटावरचा | 20 जून, सायंकाळी 6:30

मलाही एक शंका. एफपीजीए भरत असताना त्याच्या पिना मोकळ्या असतात. तेव्हा तुमचे व्हॉल्व्ह उडत नाहीत?

झावळी | 20 जून, रात्री 9:40

पहिल्या वर्षी उडायचे. तेव्हा व्हॉल्व्ह थेट एलएक्स9 वर होते आणि एचस्वॅपईएन पिन मी ग्राउंडला बांधली होती. ती खाली असली की भरताना सगळ्या पिनांना आतून पुल-अप लागतात. लाईट आली की सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडायचे, हवेचा सोसाटा, आणि घसरगुंडीवर राहिलेले गर थेट समोरच्या भिंतीवर. सोलणीच्या बायका लाईट गेली की आधी उठून बाजूला उभ्या राहायच्या, मग दिवाबत्तीचं बघायच्या. म्हणून मधे सीपीएलडी आणला. तो लाईट आल्या आल्या जागा असतो, त्याला बाहेरून काही भरावं लागत नाही, आणि तिन्ही बोर्डांचा डन (भरून झालं हे सांगणारी पिन) वर येईपर्यंत तो व्हॉल्व्ह बंद धरून ठेवतो.

त्यावरून आठवलं. परवा लाईट चार वेळा गेली-आली आणि शेवटी डनचा दिवा लागलाच नाही. कुठला बोर्ड अडला ते कळायला अर्धा तास गेला, कारण दिवा एकच आहे. तिघांचे डन एकत्र बांधलेत.

सुरंगी | 21 जून, सकाळी 9:15

डन ओपन-ड्रेन आहे. न भरलेला एक जरी असला तरी तो सगळ्यांना खाली ओढतो. एका फ्लॅशवरून तिघांना रांगेने भरताना असं बांधतात, कारण तिथे सगळ्यांनी एकदम सुरू व्हायचं असतं. तुमचे तिघं आपापल्या फ्लॅशवर आहेत. डन सुटे करा, तीन दिवे लावा, आणि तीन वायरी वेगवेगळ्या सीपीएलडीला द्या. सगळे वर आले का ते त्याला ठरवू दे.

कातळसडा | 21 जून, सकाळी 9:40

आणि एकच फ्लॅश ठेवायचा मोह झाला तर हिशोब करून ठेवतो. एलएक्स9 ची बिटफाइल 27,42,528 बिटांची. तीनदा 82,27,584. 8 मेगाबिटच्या फ्लॅशमध्ये 83,88,608 बसतात. म्हणजे बसतं, पण एसटीत गणपतीच्या आदल्या दिवशी बसतात तसं. 16 चा घ्या. आणि मधला एक बोर्ड दुरुस्तीला काढलात की त्याच्या पुढचेही उपाशी राहतात, हे लक्षात असू द्या. जेटॅगलाही तेच. काढलेल्या बोर्डाच्या जागी टीडीआय-टीडीओ जोडणारा जंपर मुख्य बोर्डावर ठेवलात तर बरं.

झावळी | 24 जून, रात्री 10:05

डन सुटे केले, तीन हिरवे दिवे. जंपरही लावले. कनेक्टरवर टेप चिकटवून बाकी बोर्डांना कोटिंग मारलं. सीमांची रजिस्टरं अजून व्हायची आहेत, तोवर फाइली.

आज मशीन बंदच होतं म्हणून 1 ते 2 ची केबलही उचकटून बघितली. ही नीट चालतेय, एकदाही दगा दिलेला नाही. टीएमएसच्या खाचेत हिरवा धरायला लागलाय. उद्या तीही बदलतो. ओहोटी, मुलामा सोन्याचा असलेले दाते मालवणात कोणाकडे मिळतात?

ओहोटी | 24 जून, रात्री 10:11

माझ्याकडे आसत. 240 घेऊन ये.